मोडकी खुर्ची
मोठ्या बाई वर्गात येताच म्हणाल्या, "सर, ही आज बोलली नाही तर उद्यापासून मुक्यांच्या शाळेत." परमुलखातून आलेल्या त्या मुलीने अजून इथल्या भाषेत चकार शब्द काढला नव्हता. सर मात्र हट्टाने सांगायचे, आधी पोटभर ऐकू द्या, बोलायची बळजबरी नको. ते 'खिडकी उघड', 'खुर्ची उचल' म्हणायचे. ती मुकाट्याने, बिनचूक तसं करायची. बाईंनी विचारलं, "नाव काय गं तुझं?" मुलगी भिंतीला चिकटली. "बघा!" म्हणत बाई कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळल्या. त्या खुर्चीचा पाय निखळलाय, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. सर ओरडणार, तोच मुलीचे ओठ हलले. सरांनी शब्द गिळला. बाई बसायला वाकल्या. "बाई, नको बस! खुर्ची पडेल!" बाई दचकून सावरल्या. "सर, तुम्हाला माहीत होतं?" "होतं. पण बोलायचं तिला होतं."