ग्रहण सुटायच्या आधी

"म्हणजे मी पान कापलं म्हणूनच ते तुकडे गळतात ना?" उन्नतीने विचारलं.

डॉक्टरबाई गोंधळल्या. अर्धा तास त्या जीव तोडून समजावत होत्या आणि या बाईच्या डोक्यात भलतंच पान! शेजारी तिचा नवरा जितेंद्र सात वर्षांच्या विघ्नेशला मांडीवर घेऊन बसला होता. पोरगा हुशार, बडबड्या, पण आजवर एकदाही स्वतःच्या पायांवर उभा राहिलेला नाही. त्याच्या रक्ताचा रिपोर्ट आज हातात आला होता.

"कसलं पान?"

"केळीचं."

मग सगळंच बाहेर पडलं. पंच्याण्णव सालच्या दिवाळीत सूर्यग्रहण होतं आणि उन्नतीला पाचवा महिना. सासूबाईंनी, यमुनाबाईंनी, बजावून ठेवलं होतं, ग्रहण सुटेपर्यंत पोटुशीने काही कापायचं नाही, चिरायचं नाही. पण वेळ बघण्यात उन्नतीची गफलत झाली. नैवेद्याला उशीर होतोय म्हणून ती परसात गेली आणि कोयत्याने केळीचं पान कापून आली. ग्रहण सुटायला अजून वीस मिनिटं होती. पुढे पोर झालं, बसू लागलं, पण उभं राहायचं वय उलटून गेलं तरी उभं राहीना. झालं! यमुनाबाईंना कारण सापडलं. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला वाणाच्या आधी ही कथा मिळायची. सारं बोळिंज गाव ओळखायचं, की हीच ती पान कापणारी. एक मात्र मानायला हवं. नातवाच्या पायांना रोज सकाळी तेल त्याच चोळायच्या. त्या वेळी उन्नतीला जवळही फिरकू द्यायच्या नाहीत.

"आणि आज तुम्हीच म्हणालात, आत कापाकापी होते म्हणून," उन्नती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"बाई, आता नीट ऐका. जीनवरून पेशी एक लांब निरोप उतरवून घेते. मग त्यातले काही तुकडे गाळते, उरलेले जोडते. हे आत्ता या घडीला माझ्या अंगात चाललंय, तुमच्याही. हा रोग नाही, यावरच माणूस जगतो. कधी हा तुकडा ठेवून, कधी तो गाळून शरीर एकाच जीनमधून वेगवेगळी प्रथिनं करतं. म्हणून तर इतक्या थोड्या जीनांत आपलं भागतं. विघ्नेशला एक महत्त्वाचा जीन मिळालाच नाही. त्याच्यासारखा दुसरा एक आहे, पण त्याचा निरोप जोडताना सातवा तुकडा बहुतेक वेळा गळतो. दहात एखादा निरोप पुरा निघतो. त्या एखाद्याच्या बळावर हा बसतोय. तुमचा कोयता तिथवर पोचतच नाही."

"मग पहिला जीन का नाही मिळाला?"

"त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. तुम्हा दोघांकडे एकेकच आहे. म्हणून तुम्हाला त्रास नाही. पण दोघांचीही रिकामी बाजू नेमकी याच्या वाट्याला आली. दिवस राहिले तेव्हाच हे ठरलं. ग्रहण नंतरचं."

उन्नतीला आधी हायसं वाटलं. मग राग आला, सात वर्षांचा साठलेला. परतताना विरार स्टेशनवर उतरून रिक्षात बसेपर्यंत तो चांगलाच तापला होता.

"आईला इतकं सगळं नको सांगूस," जितेंद्र हळूच म्हणाला. "तिला नाही झेपायचं."

"आणि मला सात वर्षं झेपलं?"

जितेंद्रने पोराला मांडीवर नीट सावरलं. आईसमोर तो जन्मात कधी बोलला नव्हता, तो आज काय बोलणार! विघ्नेश मात्र रस्त्यातल्या नव्या बिल्डिंगांचे मजले मोजत होता.

यमुनाबाई ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. जितेंद्रने पोराला आत नेलं. उन्नती चप्पल न काढताच उभी राहिली.

"काय बोलली ती डाक्तरीन?"

"ग्रहणानं काही होत नाही, म्हणाली. पान कापल्यानंही नाही." रिक्षात घोळवून घोळवून पक्कं केलेलं वाक्य तिने एका दमात सोडलं. "हे रक्तातून येतं. अर्धं माझ्याकडून आलंय, अर्धं तुमच्या लेकाकडून. आणि तुमच्या लेकाला ते दिलंय तुम्ही, नाहीतर बाबांनी!"

आता म्हातारी उसळणार, सात पिढ्या काढणार. उन्नतीने पदर खोचला. आज ती एक शब्द ऐकून घेणार नव्हती.

यमुनाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कापल्यानं नाय होत?"

"नाही."

"कोनाच्याच नाय? तिनं तसं सांगितलं?"

"दोनदा विचारलं मी. कोणाच्याच नाही."

यमुनाबाईंनी शेंगांनी भरलेलं सूप बाजूला सरकवलं.

"जितूच्या आदी मला एक पोर झालेला," त्या म्हणाल्या. घरात कोणी कधी हे ऐकलं नव्हतं. "मान धरली नाय त्यानं. आठव्या महिन्यात गेला. सासू बोलली, गिरानात तू सुरन चिरलास, तूच खाल्लास त्याला. अडतीस वर्सं झाली."

म्हातारीने तिचा हात धरला. पकड घट्ट होती.

"मंग त्याला पन मी नाय मारला... नाय गो?"