जितंजागतं उदाहरण

जेवणाची सुट्टी कापून कचेरीत व्याख्यान ठेवलं होतं. अत्तरात बुडालेल्या व्याख्यात्यानं फळ्यावर ‘न्यूनगंड’ लिहिलं. “म्हणजे, आपण इतरांपेक्षा कमी आहोत असं मनात घट्ट बसणं.” मग दाराशी फडकं घेऊन उभ्या असलेल्या सफाईवाल्या मावशींकडे बोट दाखवलं. “हे बघा, जितंजागतं उदाहरण! इतक्या खुर्च्या रिकाम्या, तरी उभ्याच. मावशी, या, माझ्या खुर्चीत बसा.” मावशी अवघडून टेकल्या. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. मीही निर्लज्जपणे टाळ्या पिटल्या. मावशी उठल्या. व्याख्याता बसायला वाकला आणि मध्येच थबकला. नाक मुरडून, आवाज मधाळ करत म्हणाला, “मावशी, जरा खुर्चीवरून फडकं मारता?” मावशींनी खुर्ची नीट निरखली. मग फडकं त्याच्या हातात ठेवलं. “मला तर काही घाण दिसत नाही, साहेब. ज्याला दिसतेय, त्यानंच पुसावी.”