फिकट अक्षरं

पालिकेच्या ‘नगरमंच’ या ऑनलाइन तक्रारफलकावर हेमांगी दुसाने यांनी तक्रार टाकली होती, ‘नळाच्या पाण्याला गटाराचा वास येतोय. गल्लीतली मुलं आजारी आहेत.’ अक्षरं इतकी फिकट उमटली की ती कोणी वाचलीच नाही. तिच्या वरच, गाडी लावण्यावरून झालेलं एक भांडण ठळक, काळ्याभोर अक्षरांत झळकत होतं.

शेजारची मनवा सलाइनवर गेली, तेव्हा हेमांगीताई नळाच्या पाण्याची बाटली घेऊन पालिकेत गेल्या.

“लिहिणाऱ्याची नाडी आणि बोटांची थरथर मोजून यंत्र अक्षर ठळक करतं, मॅडम,” मंच सांभाळणारे रोकडे म्हणाले. “तुम्ही शांतपणे लिहिलंत. म्हणजे तक्रार तेवढी गंभीर नसणार.”

“मी जन्मभर अतिदक्षता विभागात नर्स होते. समोर माणूस मरत असला तरी हात थरथरू द्यायचा नाही, हेच शिकले. त्याची ही शिक्षा?”

“आता चिडला आहात, तर पुन्हा लिहा.”

त्यांनी लिहिलं. अक्षरं पुन्हा फिकटच आली. मग त्यांनी टेबलावरच्या ग्लासात बाटलीतलं पाणी ओतलं. “हे प्या, आणि तुम्हीच लिहा.”

वासाने रोकडे मागे सरले. “कुठल्या टाकीचं हे?”

“टेकडीवरच्या.”

रोकड्यांच्या घरीही तिथलंच पाणी येत होतं. त्यांनी घाईघाईने तक्रार लिहिली. अक्षरं काळीभोर उमटली आणि तासाभरात टाकी बंद झाली.

“टाकी बंद व्हायला पोरीचं सलाइन पुरलं नाही,” हेमांगीताई म्हणाल्या. “तुमचा हात थरथरावा लागला.”

हेमांगीताई दवाखान्याकडे निघाल्या.