४, ११, २३ आणि

"या अप्पा! ताई नाही आल्या?" स्टुडिओच्या दारात चपला काढणाऱ्या लिंगराजअप्पांना बघून मुकुल म्हणाला. "त्यांना म्हणावं, फोटो निवडायला महिना लावता, तर नवरा निवडायला किती लावाल?"

अप्पा हसले नाहीत. आत येऊन बाकावर टेकले. कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं.

"शिवरंजनी गेली," ते म्हणाले. "आज नववा दिस. डेंगू झाला हुता."

मुकुल कॅमेऱ्याची काच पुसत होता. फडकं काचेवर तसंच राहिलं.

"परवा अकराव्याची शिवगणाराधना हाय. पंगतीसमोर लेकीचा फोटो ठेवायचाय. शाळेतला हाय एक, पण त्यात लय ल्हान हाय. तिची आई म्हणली, हा न्हाई, ती मोठी झाल्ती." अप्पांनी बंडीच्या खिशातून मुलीचा मोबाइल काढला. "तिनं नंबर लिहिलेत तुमाला. तरी तुमी फोटो दिले न्हाईत."

मुकुलचा शिरस्ता ठरलेला होता. फोटो काढले की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर एक लिंक जायची. तिच्यात सगळे नमुने, प्रत्येकाखाली नंबर. आवडलेल्यांचे नंबर गिऱ्हाइकानं कळवायचे, मग तेवढे मुकुल नीट करून द्यायचा. महिनाभरात नंबर आले नाहीत, की लिंक बंद आणि फोटो पुसलेले. शिवरंजनीला त्यानं तीनदा आठवण दिली होती. शेवटी सोमवारी, डबा खाता खाता, डाव्या हातानं तिचे सव्वीसच्या सव्वीस फोटो पुसून टाकले होते.

"अप्पा, नंबर आलेच नाहीत."

"असं कसं? माझ्याम्होरं लिहिले की. ताप हुता, तरी उशीला टेकून लिहायली. मी म्हणलं, राहू दे गं बाई. तर म्हणली, ते फोटोवाले दादा चिडतेत. मंग पाणी मागितलं." अप्पांनी मोबाइल पुढं केला. "हे काय, बघा."

मुकुलनं बघितलं. त्याच्याच तीन निरोपांखाली, लिहायच्या जागेत ओळ तशीच पडून होती.

४, ११, २३ आणि

पुढं काही नव्हतं. शेजारचा बाण दाबलेला नव्हता.

चौथा कुठला, अकरावा कुठला, त्याला काही आठवेना. एकच आठवला. आईची इरकल नेसून ती हसली होती, तोंडावर हात धरून. "हात काढा ताई, फोटो खराब यायलाय," असं तो वैतागून म्हणाला होता. त्या फोटोचा नंबर काय होता, कोण जाणे.

"गेलं न्हाई का ते?" अप्पांनी विचारलं.

"नाही. लिहून झालं की इथं दाबावं लागतं." मुकुलनं बाण दाखवला. "अप्पा, पण मी..."

अप्पांनी मोबाइल त्याच्या हातून घेतला. डोळ्यांजवळ नेऊन एकदा नीट बघितला. अंगठा धोतराला पुसला आणि जपून बाणावर टेकवला.

टेबलावर मुकुलचा मोबाइल वाजला. पडद्यावर नाव उमटलं : शिवरंजनी, पेडगाव.

"आलं?"

"आलं, अप्पा."

"बरं झालं." अप्पांनी उपरणं सारखं केलं आणि भिंतीला पाठ टेकली. "काढा निवांत. मी बसतो हितंच."