चौऱ्याऐंशी न्याहाऱ्या

मार्लिस डाव्या हाताने केळी कुस्करत होती. उजवा हात तिने पोटाशी धरला होता. त्याच्या खांद्यातला स्नायू फाटला होता आणि मंगळवारी डुलुथ शहरातल्या इस्पितळात ऑपरेशन होतं.

"किती झाले?" व्हर्नाने विचारलं. ही तिची धाकटी बहीण. तिला न्यायला डुलुथहून चार तास गाडी चालवत आली होती आणि आल्यापासून स्वयंपाकघरात बसून नुसती धुमसत होती.

"साठ. बारा ओव्हनमध्ये आहेत. हे शेवटचे बारा."

"नर्सने हात हलवू नको म्हणून सांगितलंय ना?"

"तो कुठे हलवतेय? हा दुसरा हलवतेय."

ओट्स, केळी, दूध, अंडी, दालचिनी आणि वरून मूठभर क्रॅनबेरी. बारा खळग्यांच्या ट्रेमध्ये भाजून केकसारखे छोटे कप करायचे, गार झाल्यावर गोठवून ठेवायचे, सकाळी एक मिनिट मायक्रोवेव्हमध्ये फिरवले की न्याहारी तयार. रविवारी दुपारी गावातल्या निम्म्या बायका हेच करतात, पण आठवड्यापुरतं. मार्लिसने सहा आठवड्यांचं मांडलं होतं. रोज दोन, म्हणजे चौऱ्याऐंशी. ऑपरेशननंतरचे सहा आठवडे तिला बहिणीकडे राहायचं होतं, कारण या घरात आजारी पडून राहणं तिला कधी जमलंच नव्हतं. तिचा नवरा एल्डन म्हणाला होता, "माझ्या न्याहारीची सोय कर आणि मग खुशाल जा." एकसष्ट वर्षांचा धडधाकट गडी. अख्खा ट्रॅक्टर खोलून पुन्हा जोडणारा. त्याची न्याहारी!

व्हर्नाने गार झालेले साठ कप पिशव्यांमध्ये भरले. मार्लिसने प्रत्येक पिशवीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहिली होती, डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलीसारखी वेडीवाकडी. पिशव्या घेऊन व्हर्ना गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीजरकडे गेली.

ती परत आली तेव्हा पिशव्या तिच्याजवळ नव्हत्या. तिच्या हातात एक पांढरी बादली होती. ती तिने टेबलावर, अंड्यांच्या टरफलांशेजारी ठेवली.

बादलीत मक्याचे दाणे होते आणि दाण्यांत कालवलेले ओट्सचे कप. काही अख्खे, काही चुरलेले, काहींवर हिरवी बुरशी. आंबूस वास सुटला होता. एका कोपऱ्यात चिकटपट्टीचा तुकडा होता. त्यावर मार्लिसचं सुबक, उजव्या हाताचं अक्षर होतं: ऑक्टोबर, तिसरा रविवार.

मार्लिसने एक क्रॅनबेरी चिमटीत उचलली आणि परत टाकली.

तेवढ्यात एल्डन कॉफी न्यायला आत आला. डोक्याला नारिंगी टोपी, अंगात नारिंगी जाकीट. हरणांच्या शिकारीचा हंगाम चालू होता. बादली बघून तो जराही चपापला नाही.

"ती कशाला आत आणलीस? वास मारते ती."

"काय आहे हे?" मार्लिसने विचारलं.

"चारा. मचाणासमोर टाकायचा. नुसत्या मक्याला येत नाहीत गं, पण यावर तुटून पडतात. केळ्याचा वास लांबून लागतो त्यांना."

"आणि तू काय खातोस?"

"हायवेवरच्या कॅफेत जातो की. अंडी, बेकन. सगळेच असतात तिथे."

"कधीपासून?"

त्याने कॉफी ओतता ओतता हिशोब केला. "चार वर्षं. पाच असतील."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं." हे त्याने असं सांगितलं, जणू पाच वर्षं तो तिच्यावर उपकारच करत आला होता. व्हर्नाला किळस आली. बादलीच्या वासाची नव्हे. कपाची कड ओठाला लावून सुर्रकन कॉफी ओढणाऱ्या त्या तोंडाची.

"कॅफेत सगळ्यांना माहीत आहे?" मार्लिसने हळूच विचारलं.

"अगं, चिडवतात मला लेकाचे! म्हणतात, तुझ्या हरणांचा थाट आहे बुवा, घरचं ताजं खातात." तो हसला. कोणी हसत नाही म्हटल्यावर त्याने भांड्यातल्या केळ्यांकडे पाहिलं. "हा एवढा ट्रे मात्र लावून जा हं. अजून आठवडा आहे हंगाम संपायला. ऑपरेशन काय, मंगळवारी आहे ना?"

नळाखाली मार्लिसने हात धुतला, एकेक बोट, नखांतलं केळंसुद्धा. हात पुसून कोट खांद्यावर टाकला. आजारी बाजूची बाही तशीच लोंबत राहिली. व्हर्नाने तिची बॅग उचलली.

"अगं, पण कुठे निघालीस? शेवटचे बारा राहिलेत!" एल्डन म्हणाला. आता कुठे त्याचा आवाज चढला. "आणि ते आत भाजतायत त्यांचं काय?"

मार्लिस दारात थांबली.

"ओव्हन चालू आहे," ती म्हणाली. "बंद कसा करायचा, ते हरणांना विचार."