नळी

युरिक ॲसिड वाढून बन्सीच्या पायाचा अंगठा सुजला, तसं औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरनं मटण बंद केलं. मग दर रविवारी बन्सीला दोडका, भाकरी अन् ताक. त्याच्या वाटणीची मटणातली नळी बायकोच्या, द्वारकाबाईच्या ताटात. लग्न झाल्यापासून रश्श्यावरच भागवलेली ती बाई नळी ताटावर ठोकून ठोकून अशी चोखायची, की बन्सी घास हातात धरून बघतच राहायचा.

होता होता अंगठ्याची सूज उतरली. डॉक्टर म्हणाला, "आता कधीमधी थोडं मटण चालंल."

रविवारी द्वारकाबाईनं नळी हातात धरूनच इचारलं, "काय म्हणले डॉक्टर? सुटलं का पथ्य?"

बन्सीनं दोडक्याची वाटी आपल्याकडं ओढली.

"नाय. जलमभर पाळा म्हणले."