वाचता आलं नाही तर
बाबा काल गेले. रुग्णालयाच्या संगणकात तसं काही घडलेलंच नाही. तिथे त्यांची प्रकृती उत्तम आहे. तिथला प्रोग्रॅम मीच लिहिलेला. नोंद वाचता आली नाही तर त्याने बोंब मारायची नाही, गुपचूप सोयीचं उत्तर भरून पुढे जायचं. “गिऱ्हाइकाला लाल अक्षरं दिसता कामा नयेत,” आमच्या कंपनीचे साहेब म्हणालेले. वर्षभर दिसली नाहीत म्हणून मला बक्षिसाची ढालही मिळाली. ॲलर्जीच्या रकान्यात प्रोग्रॅमला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ कळतं. बाबांना भरती करताना आईने तिथे लिहिलं होतं, ‘पेनिसिलिनने ह्यांचा घसा सुजतो.’ नर्सने स्क्रीन वळवला. “हे बघा दादा, ॲलर्जी नाही. बघूनच इंजेक्शन दिलं.” “हे ‘नाही’ कोणी लिहिलं रे?” आईने विचारलं. “मशीनला वाचता आलं नसेल, आई.” “मग विचारायचं! मी बाहेर बाकावरच होते.” सबब, प्रोग्रॅमची मिळते तशी बाबांची मागची आवृत्ती परत मिळावी, ही नम्र विनंती.